येऊ द्या, येऊ द्या... बास!

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचा एकट्या माणसावर विश्वास नसतो. हा स्वभावदोष नव्हे, शिक्षण आहे. आमच्या शाखेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, आणि त्या दोन किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात कधी येऊ नयेत अशी व्यवस्था बँकेनं फार विचारपूर्वक केलेली आहे. एकानं व्हाउचर करायचं, दुसऱ्यानं तपासायचं. एकानं कॉम्प्युटरवर नोंद टाकायची, दुसऱ्यानं ती पास करायची. एकानं चहा मागवायचा आणि दुसऱ्यानं पैसे द्यायचे, हा त्याच तत्त्वाचा विस्तार. वीसएक वर्षं अशा हवेत काढल्यावर (हल्ली आमचं नाव क्लार्कऐवजी 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं आहे, नाव लांबलं, खुर्ची तीच आहे) एखादा माणूस एखादं काम एकटाच करताना दिसला, की मला आधी कौतुक वाटत नाही. संशय येतो.

तशी आपल्याकडे एकट्यानं करायची कामं मुळातच थोडी. कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवायचं तर चार माणसं कपाटाला धरतात आणि सहा माणसं त्या चौघांना सूचना देतात. साधी गाडी मागं घ्यायची म्हटली, तर पानपट्टीवरून दोघं, सलूनमधून अर्धी दाढी झालेला एक आणि समोरच्या ओट्यावरून एक आजोबा, अशी मंडळी न बोलावता गोळा होतात आणि 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...' सुरू होतं. एस.टी.चा कंडक्टर तर पत्र्यावर थाप मारत हे इतक्या तालात म्हणतो, की आतल्या उतारूंनी टाळ काढावेत. शेवटी सगळे मिळून एकदम ओरडतात, 'बास!' आणि गाडी थांबते. त्यात ड्रायव्हरचा वाटा किती, हे कुणी विचारत नाही.

होडीचं तर बोलायलाच नको. माझी एक बदली मालवणच्या बाजूला झाली होती. तिथं पावसाच्या तोंडावर होड्या पाण्यातून वर ओढताना मी पाहिलेल्या आहेत. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी सगळा किनारा याच उद्योगात. होडीखाली लाकडी ओंडके घालायचे, दोर बांधायचा आणि पंधरा-वीस माणसांनी 'हैऽऽसा' करत ती पुळणीवरून वर, माडांच्या सावलीत न्यायची. वर झावळ्यांचे झाप घालून तिला झोपवायची. वाटेनं जाणारा माणूस पिशवी खाली ठेवून दोराला हात लावूनच पुढं जातो. मीही लावला होता. त्या होडीवर आमच्या शाखेचं कर्ज होतं, तेव्हा त्या ओढण्यात थोडी वसुलीची भावनाही होती.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की मागच्या जुलैत मी आणि सौ. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात दादाकडे गेलो, आणि तिथं सहासष्ट वर्षांच्या दादानं सोळा फुटांची होडी पाण्यातून काढून एकट्यानं ट्रेलरवर चढवली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. एकदा नव्हे, तीन आठवड्यांत सात वेळा.

दादा माझा चुलतभाऊ. घरात सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यांचाच दादा. १९८५ साली सांगलीहून गेला तो तिकडचाच झाला. कृष्णाकाठच्या माणसाला पाणी दिसल्याशिवाय करमत नाही, आणि मिनेसोटात पाण्याला तोटा नाही. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. प्रत्यक्ष मोजणीत, दहा एकरांच्या वरची तेवढी धरली तरी, ती ११,८४२ भरतात. शिल्लक आहे त्यापेक्षा कमी दाखवणारं हे जगातलं एकमेव सरकार असावं. मला ते राज्य तिथंच आवडलं.

दादाच्या घरी गॅरेज आहे. त्यात होडी राहते. मोटार बाहेर उन्हात असते. ही होडी ॲल्युमिनियमची, मागं इंजिन लावलेली. इंजिन, पेट्रोल आणि दादाची खुर्ची धरून वजन चारशे किलोंच्या घरात. ती ट्रेलरवर बसवून, ट्रेलर मोटारीला जोडून मिनेटोंका नावाच्या तळ्यावर न्यायची, उतारावरून पाण्यात सोडायची, दिवसभर मासे पकडायचे, पकडलेले परत पाण्यात सोडायचे (सकाळी भरून संध्याकाळी काढून घेणारे खातेदार आमच्याकडेही आहेत, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही) आणि संध्याकाळी होडी पुन्हा ट्रेलरवर चढवून घरी यायचं, असा त्याचा शनिवारचा नेम.

होडी पाण्यात सोडणं सोपं. उतार आपल्या बाजूनं असतो. खरी परीक्षा परत चढवताना. त्यात दोन माणसं लागतात, हे शाळकरी पोरगाही सांगेल. एकानं मोटारीत बसून ट्रेलर मागं मागं पाण्यात न्यायचा, दुसऱ्यानं होडीत बसून ती त्यावर आणायची. माणूस एकच असेल, तर तो मोटारीत असताना होडी वाऱ्यावर, आणि होडीत असताना मोटार उतारावर. शेतकरी, वाघ, शेळी आणि गवताची पेंढी हे कोडं आपण सगळ्यांनी लहानपणी सोडवलेलं आहे. त्यातल्या शेतकऱ्याला निदान ट्रेलर मागं घ्यायचा नव्हता.

कारण ट्रेलर मागं घेणं हा प्रकार 'लेकी बोले सुने लागे' यातला आहे. मोटारीचं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं. तो उजवीकडे गेला म्हणून घाबरून आणखी फिरवावं, तर तो रागावल्यासारखा काटकोनात दुमडतो. आणि ट्रेलर जितका आखूड तितका हट्टी. यावर तिकडच्या जाणत्यांनी एक युक्ती काढली आहे. हात स्टिअरिंगच्या वर न ठेवता खाली, सहाच्या आकड्यावर धरायचा. मग हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जातो. इतकी सोपी गोष्ट, पण ती समजायला मला दोन दिवस आणि दादाला दोन वर्षं लागली. मला फक्त समजायची होती, त्याला करायची होती, हा फरक आहेच.

दोन वर्षं म्हणजे वहिनी गेल्यापासूनची. पूर्वी ट्रेलर वहिनी मागं घ्यायची. सांगलीत असताना तिनं सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. नदीवरच्या पुलावर ट्रक आला की ती उतरून सायकल हातात धरून चालायची. ती बाई मिनेटोंकाच्या उतारावर भल्याभल्या गोऱ्या पुरुषांच्या देखत एका दमात, सरळ रेघेत ट्रेलर पाण्यात न्यायची म्हणे. दादा होडीत उभा राहून ओरडायचा, 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे...' आणि ट्रेलर हवा तेवढा बुडाला की 'बास!' ती गेल्यावर कॅलिफोर्नियातला मुलगा म्हणाला, 'बाबा, होडी विकून टाका, एकट्यानं जमायचं नाही.' दादा म्हणाला, 'बरोबर आहे तुझं.' आणि त्या उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी तो जवळच्या शाळेच्या मोकळ्या आवारात दोन बादल्या मांडून, त्यांच्यामधून रिकामा ट्रेलर मागं घ्यायला शिकला. बादल्या आम्ही पाहिल्या. एक चपटी आहे.

आता हे एकट्यानं कसं करतात ते सांगतो. (कुणाला उपयोग होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण लॉकरचे नियमही आम्ही सगळ्यांनाच वाचून दाखवतो.) आधी होडी धक्क्याला दोन दोरांनी बांधायची, एक पुढून, एक मागून. मग मोटार आणून ट्रेलर पाण्यात मागं घ्यायचा. ट्रेलरवर गालिचा चढवलेल्या दोन लांब फळ्या असतात, होडीची गादीच म्हणा ना. त्या आधी पूर्ण बुडवून ओल्या करायच्या, म्हणजे होडी घसरायला मऊ. मग ट्रेलर थोडा पुढं घ्यायचा, फळ्यांचा पुढचा तिसरा हिस्सा कोरडा राहील इतपत. इथंच सगळी मेख आहे. ट्रेलर जास्त बुडला तर होडी त्यावर बसतच नाही, लग्नातल्या नाराज व्याह्यासारखी इकडून तिकडे फिरत राहते. कमी बुडला तर तिला ओढून वर घेताना खांदे निखळतात. नेमकं जमलं की हँडब्रेक ओढायचा, चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा, धक्क्यावर जायचं, दोर सोडून होडी हातानं चालवत, बैल दावणीला आणावा तशी ट्रेलरच्या तोंडाशी आणायची. तिच्या नाळेला एक कडी असते. ट्रेलरच्या पुढच्या खांबावर रहाटासारखी एक चरखी असते, तिचा पट्टा त्या कडीत अडकवायचा आणि दांडा फिरवायचा. टक, टक, टक करत होडी वर येते आणि नाळ रबराच्या ठोकळ्याला टेकते. वर सुरक्षेची साखळी. चार मिनिटांचं काम. जोर म्हणाल तर आमच्या शाखेचं शटर उघडायला याहून जास्त लागतो.

मी पहिल्या दिवशी बाह्या सरसावून विचारलं, "दादा, मी काय करू?"

"तू?" त्यानं उताराकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तू तिथं झाडाखाली उभा राहा."

सौ. आधीच तिथं जाऊन उभी होती. बायकांना काही गोष्टी आतून कळतात. "तुम्ही मध्ये मध्ये करू नका," ती हळूच म्हणाली. "त्यांची एक रीत बसलेली आहे."

झाडाखाली मी एकटा नव्हतो, हे सांगायला हवं. घडीच्या खुर्च्या टाकून काही म्हातारी मंडळी तिथं नियमित बसतात. आपल्याकडे स्टँडवर बसतात तशी. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी त्या उतारावर फुकट नाटक असतं. एक तरुण झकपक होडी घेऊन आला, झोकात मागं आला, पाण्यात गेला, आणि होडी काही सुटेना. मागचा पट्टा सोडायचा राहिला होता. होडी तरंगायला लागली ती ट्रेलरचं बूड उचलूनच. त्याची बायको धक्क्यावर हाताची घडी घालून उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. मला त्या माणसाची घरी जाईपर्यंतची वाट डोळ्यांसमोर दिसली. दुसरं एक जोडपं 'डावीकडे' म्हणजे कुणाचं डावं, या मुद्द्यावर वीस मिनिटं भांडत होतं. हा मुद्दा आमच्या घरी भिंतीवर तसबीर लावताना निघालेला आहे आणि अजून निकालात निघालेला नाही. काही उतावळे लोक इंजिनाच्या जोरावर होडी सरळ ट्रेलरवर घुसवतात. त्यांच्या पंख्याच्या झोतानं उताराच्या टोकाशी पाण्याखाली खड्डा पडतो आणि पुढच्या माणसाच्या ट्रेलरची चाकं त्यात जातात. म्हणून बऱ्याच उतारांवर त्याला मनाई आहे. खड्डा एकानं करायचा आणि पडायचं दुसऱ्यानं, हे ऐकून मला घरच्यासारखं वाटलं.

तर अशा जागी दादा एकटा आला, मान वळवून मागं यायला लागला, आणि मोटारीच्या उघड्या खिडकीतून आवाज आला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

मी सौ.कडे पाहिलं. तिनं पाण्याकडे पाहिलं.

चाकं बुडाली, फळ्या बुडाल्या, आणि दादा स्वतःच मोठ्यांदा ओरडला, "बास!" आणि ब्रेक दाबला. खुर्चीतल्या एका गृहस्थानं अंगठा वर केला. तळ्यात बॅस नावाचा मासा मिळतो. दादाला रोज एक लागतो, अशी त्यांची समजूत असावी.

परत येताना मी विचारलंच, "दादा, ते ओरडतोस कशाला?"

"ओरडल्याशिवाय कुठं थांबायचं ते कळत नाही," तो म्हणाला आणि रेडिओ लावला.

दुसरी गंमत साडीची. रिकामा ट्रेलर इतका बुटका असतो, की मोटारीच्या आरशात तो दिसतच नाही; दिसायला लागतो तोवर तिरका झालेला असतो. म्हणून त्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर उभे पाइप बसवतात, आरशात ते दोन दिसले की ट्रेलर कुठं आहे ते समजतं. दादानं त्या पाइपांना वरपासून खालपर्यंत एका साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. केशरी अंगावर जांभळी फुलं, आणि फुलांत मध्ये जरीसारखं काहीतरी. फर्लांगभरावरून डोळ्यांत घुसेल असा रंग. ही साडी आहेरातली. आहेराच्या साड्या नेसायच्या नसतात, पुढं सरकवायच्या असतात, हे मी सांगायला नको. ती या कार्यातून त्या कार्यात फिरत फिरत मिनेसोटात पोचली आणि तिथं वहिनीला पुढं द्यायला कुणी नातेवाईकच उरला नाही. इतकी वर्षं घडी मोडली नव्हती. सौ.नं त्या पट्टीचा काठ चिमटीत धरून उलटा केला, बघितला आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी लगेच ओळखलं. ती साडी आमच्याकडूनच गेली होती. आम्ही काही बोललो नाही. तिचं सोनं झालं होतं.

होडी ट्रेलरवर बसली तरी काम संपत नाही. उतार अडवून ठेवायचा नाही, हा तिथला शिष्टाचार. वर मोकळ्या जागेत येऊन मागचे पट्टे आवळायचे, दिव्यांची वायर जोडायची आणि बूच काढायचं. होडीच्या बुडाशी पाणी जायला एक भोक असतं, त्याचं बूच. मिनेसोटात बूच लावलेली होडी रस्त्यानं नेणं हा गुन्हा आहे. मला आधी वाटलं, दादा थट्टा करतोय. पण कारण आहे. झेब्रा शिंपला म्हणून नखाएवढा एक पट्ट्यापट्ट्यांचा शिंपला कास्पियन आणि काळ्या समुद्राकडून जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून तिकडे गेला. १९८८ साली तो सेंट क्लेअर नावाच्या तळ्यात सापडला आणि तिथून पसरत चालला. मिनेटोंकात २०१० साली आला. होडीत उरलेल्या पेलाभर पाण्यातून त्याची पिल्लं पुढच्या तळ्यात जातात. म्हणून पाणी पूर्ण काढायचं, होडीला आणि ट्रेलरला चिकटलेली वेल-पानं सोडवायची, आणि मगच रस्त्याला लागायचं. हे काम मात्र दादानं आम्हाला दिलं. मी बूच सांभाळायचो. वीस वर्षं चलन सांभाळलेल्या माणसाला हा अधिभार जड नव्हता. सौ. वेली सोडवायची. मेथी निवडल्यासारखी, काडी न् काडी.

शेवटच्या शनिवारी वारा होता. पश्चिमेचा, भसाभसा येणारा. दादानं नेहमीसारखा ट्रेलर लावला, 'बास' म्हटलं, धक्क्यावर गेला, दोर सोडला, आणि होडीनं मागचं अंग फिरवलं. नाळ ट्रेलरवर, बूड वाऱ्याबरोबर धक्क्याखाली. त्यानं ती परत ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दोर त्याच्या तळव्यातून सरकला, मला झाडाखालून दिसलं. शेजारच्या होडीतला एक दांडगा तरुण म्हणाला, "हात लावू का?" दादा हसून म्हणाला, "नको, जमतंय." ते जमत नव्हतं. मी एक पाऊल पुढं टाकलं तर सौ.नं माझा शर्ट मागून धरला होता. तिनं तो सोडला नाही.

दादानं होडी पुन्हा दोन दोरांनी धक्क्याला बांधली. ट्रेलर वर काढून बाजूला लावला, मागच्या लोकांना वाट दिली, आणि धक्क्याच्या टोकाशी पाय सोडून बसला. आम्हीही जाऊन बसलो. कुणी काही बोललं नाही. सौ.नं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. एकेक होडी चढत गेली, खुर्च्यांवरची मंडळी खुर्च्या मिटून गेली. तिकडे जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळ किती झाला ते कळत नाही. डबा संपला, तेव्हा दादा उठला. पँट झाडली. मोटारीकडे निघाला, आणि चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाला,

"अरे, तो मागचा दोर धर जरा."

मी धरला.

"दोन्ही हातांनी नको. एका हातानं. आणि ताणू नकोस."

ट्रेलर उतारावरून यायला लागला. केशरी पट्ट्या सरळ येत होत्या. मी धक्क्यावरून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतो. काही न बोलता गाडी मागं घेतलेली बघण्याची आपल्याला सवय नाही. 'बास' मात्र मी म्हटलं नाही. ते त्यानंच म्हटलं.

मग तो आला, पुढचा दोर सोडून होडी चालवत नेली, मी मागून येत गेलो, पट्टा अडकला, टक, टक, टक. बूच माझ्या हातात आलं. सौ. वेली सोडवायला वाकली.

दोर धरायची काही गरज नव्हती, असं तिचं मत आहे. वारा तोवर पार पडला होता.